पाचशे एकोणनव्वद

मित्रांनो, मी एक जुनं नंबरी कुलूप आहे. माझी कडी कापलेली आहे आणि मी रागावलेलो आहे. मला तेल घाला, मला पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगणार आहे. मग कोण चुकलं ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म नोएडातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. परदेशी मालाला देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि लोकांना ‘इम्पोर्टेड’ या शब्दाची भूल पडली होती. म्हणून मालकानं माझ्या पाठीवर एका दूरच्या देशाचं नाव ठोकलं. तो देश मी कधी पाहिलेला नाही. पाठीवर खोटं असलं तरी पोटात खोट नव्हती. माझ्या अंगात तीन चकत्या आहेत, प्रत्येकीवर शून्यापासून नऊपर्यंत आकडे. तिन्ही आकडे जुळले की कडी सुटते. एक जरी चुकला तर सुटत नाही. यात माझी मर्जी चालत नाही, कुणाची ओळखही चालत नाही.

मला करोल बागेतून विकत आणलं ते गुलाबरावांनी. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दिल्ली छावणीतलं क्वार्टर सोडून ते आणि त्यांच्या पत्नी कुसुमावती दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका नव्या सोसायटीत राहायला आले होते. तिथे पाणी टँकरचं होतं आणि टेलिफोन अजून यायचा होता. त्यांची मुलगी सुरुची छावणीतच जन्मली, तिथेच वाढली. तिला एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या स्वागतकक्षात नोकरी लागली होती. विमानानं सिंगापूरला जायचं आणि दुसऱ्या दिवशी जहाजावर हजर व्हायचं. विमान चुकलं तर जहाज तिच्यासाठी थांबणार नव्हतं. नोकरी तर त्याहूनही नाही.

बॅग भरताना कुसुमावतींनी कपड्यांच्या मधोमध चकल्यांचा पितळी सोऱ्या ठेवला.

“तिथे तिला गॅस देणार आहेत का?” गुलाबराव म्हणाले.

“दिवाळी जहाजावरही येतेच. कुणीतरी देईल.”

मग मला चेनच्या दोन्ही टोकांत अडकवलं. सुरुची तेव्हा मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली होती, म्हणून नंबर गुलाबरावांनीच ठरवला. जन्मतारीख नको, चोर तीच आधी लावून बघतो. घरनंबर नको. ज्याचा कशाशी संबंध नाही असा आकडा हवा. पाच, आठ, नऊ. सुरुची जेवायला बसली तेव्हा त्यांनी तो तिला सांगितला.

“पाचशे एकोणनव्वद. कागदावर लिहायचा नाही. लिहिलेला नंबर दुश्मनाच्या हाती लागतो.”

“पप्पा, दुश्मन कोण? एअरपोर्टवर बॅगा उचलणारा लोडर?”

“कोणीही असेल. म्हणून दाखव.”

“पाचशे एकोणनव्वद,” सुरुची भात कालवता कालवता म्हणाली.

“पुन्हा.”

“पाचशे एकोणनव्वद, सर.”

गुलाबरावांचं समाधान झालं. पहाऱ्यावरच्या जवानाकडून परवलीचा शब्द घोटून घ्यावा तसा त्यांनी तो घोटून घेतला. उच्चार अचूक होता. पण मला हात लावून एकदा उघडून बघ, असं तिला कुणी म्हटलं नाही. ती स्वतःहूनही उठली नाही.

विमानतळावर बॅग एक्स-रे यंत्रातून गेली आणि पडद्यासमोरच्या अधिकाऱ्यानं ती बाजूला काढली.

“मैडम, ये पीतल का पाइप क्या है?”

सोऱ्याला हिंदीत काय म्हणतात ते सुरुचीला ठाऊक नव्हतं. “सर, वो चकली की मशीन है,” ती म्हणाली.

मशीन या शब्दानं उरलंसुरलं काम केलं. “कौन सी मशीन? खोलिए.”

तिनं माझ्या चकत्या फिरवल्या. पाच, नऊ, एक. अर्थातच मी उघडलो नाही. तिनं पुन्हा लावलं, पाच, नऊ, एक. ओठांत पुटपुटत होती, “एकोणनव्वद. एक और नव्वद. नाइंटी-वन ही तो हुआ यार.” मग तिनं मला हिसडलं, बॅगेवर आपटलं.

“अपने बैग का नंबर नहीं मालूम? आपका ही है ना बैग?” अधिकाऱ्याचा आवाज बदलला होता.

घरी टेलिफोन नव्हता. आईवडील काचेपलीकडे उभे होते, पण आत आलेल्या प्रवाशाला कुणी बाहेर सोडेना. सुरुची काचेपाशी धावली आणि बोटांनी चकत्या फिरवल्याची खूण करू लागली. मुलगी निरोप घेते आहे असं समजून गुलाबरावांनी तिला कडक सलाम ठोकला. कुसुमावतींनी हात हलवला. काउंटर बंद होत असल्याचं दोनदा पुकारलं गेलं.

अधिकाऱ्यानं लोडरला खूण केली. त्यानं लांब दांड्याचा कटर आणला आणि माझी कडी कापली. लोखंड तुटताना जो आवाज होतो तो दोष नसलेल्या कुलपाचाही तसाच होतो. सोऱ्या बाहेर आला, दोघातिघांनी फिरवून पाहिला, एक जण हसला. मग बॅग सुतळीनं बांधली. सुरुचीनं मला पर्समध्ये टाकलं आणि ती धावत सुटली. विमान मिळालं. सिंगापूरला बॅग हाती आली तेव्हा सुतळी सैल होती आणि गणवेशाचे नवे काळे बूट गेले होते. सोऱ्या कुणी नेला नव्हता. पहिल्या दिवशी सुरुची दुसऱ्या मुलीचे मोठे बूट घालून पाहुण्यांसमोर उभी राहिली. टाच निसटायची. वरिष्ठ बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, तुमच्याकडे बूट घालायची पद्धत नाही का? तिची नोकरी राहिली, पण ते वाक्य तिच्याबरोबर राहिलं.

रजेवर घरी आल्यावर तिनं मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. “हे तुमचं लॉक. तुमच्या नंबरनं खुललंच नाही.”

गुलाबरावांनी मला उचललं. पाच, आठ, नऊ. तुटकी कडी टक्कन वर आली.

“मी हा नंबर लावला नव्हता,” सुरुची म्हणाली.

“मी कुठला सांगितला होता?”

“पाचशे एकोणनव्वद.”

“मग लाव.”

तिनं पाच, नऊ, एक लावलं. कुसुमावतींनी कपाळाला हात लावला. “अगं, हे एक्याण्णव.”

“मग एकोणनव्वद म्हणजे?”

“हिंदीत नवासी,” गुलाबराव म्हणाले.

“तर नवासी म्हणायचं ना, पप्पा.”

“घरात मराठी बोलायचं, हा नियम होता.”

“नियम बोलायचा होता. गिनती मी शाळेत हिंदीतून शिकले. एकोण म्हणजे एक कमी, हे मला कधी कुणी सांगितलं?”

मला वाटलं, आता निकाल लागेल. गुलाबरावांनी मला उलटं केलं, पाठीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, “इम्पोर्टेड म्हणून घेतलं. फालतू माल निघाला.”

“त्याला कशाला बोलताय?” कुसुमावती म्हणाल्या. “ते आत्ता तुमच्या हातात उघडलं ना?”

गुलाबरावांनी मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. आजही मी तिथेच आहे. आपल्या हातानं मला उघडूनही जो माणूस मलाच नावं ठेवतो, त्याला मी माफ केलेलं नाही.

परत जाताना सुरुचीसाठी नवं कुलूप आलं. डब्याचं झाकण उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. गुलाबराव घसा खाकरून म्हणाले, “हं, लक्ष दे. चारशे...”

“पप्पा, सांगू नका. इकडे द्या.”

मग चकत्या फिरल्याचा आवाज आला. कडी सुटली, बसली, पुन्हा सुटली.

मित्रांनो, प्रवासाला निघताना सामानाला कुलूप जरूर लावा. पण वाटेत ते ज्याला उघडायचं आहे, त्याच्याच हातानं घरी एकदा उघडून बघा. नंबर त्याच्याकडून वदवून घेतला म्हणजे तो त्याला कळला, असं समजू नका. आणि तरीही कुलूप उघडलं नाही, तर कटर मागवण्याआधी एकमेकांना विचारा की तू काय सांगितलंस आणि मी काय ऐकलं. हे विचारायला माणसं लाजतात, आणि कडी आमची कापली जाते.