तीनशे बारा आवाज

डिस्क दुरुस्त करणाऱ्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "वहिनी, आवाज सगळे मिळाले. नावं मात्र गेली."

पडद्यावर तीनशे बारा फाइली होत्या आणि प्रत्येकीला नावाच्या जागी नुसता आकडा.

"म्हणजे मिळालं काय मग?"

"हे बघा, फाइलमधला मजकूर डिस्कवर एकीकडे असतो. तिचा आकार, ती कधी लिहिली, हे दुसऱ्या नोंदीत. आणि नाव असतं फोल्डरच्या यादीत. तुमची ती यादीच खराब झालीय. बाकी सगळं धडधाकट आहे."

"यादी परत नाही येत?"

"नाही. खोटं कशाला बोलू?"

तिचा नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर होता. बावीस वर्षं त्याने शेजारच्या सीटवरून लोकांना गाडी शिकवली. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर त्याने लागणारे शब्द वहीत लिहून काढले आणि एकेक करून घरच्या कॉम्प्युटरवर बोलून ठेवले. क्लच दाब, आरशात बघ, गियर बदल. टॅबवर नावाला बोट लावलं की आवाज यावा, असा बेत होता. ऑपरेशन झालं आणि मग त्या कॉम्प्युटरची डिस्कच बिघडली. सोमवारी स्कूलचे मालक स्वतः गाडीत बसून बघणार होते. जमलं तर नोकरी, नाहीतर घरी.

तिने घरी येऊन फाइली वेळेप्रमाणे लावल्या. मास्तर वही वरून खाली वाचत गेला होता. तेव्हा पहिली फाइल म्हणजे पहिला शब्द, दुसरी म्हणजे दुसरा. संध्याकाळपर्यंत तिने सगळी नावं टाकली. मास्तरने अंगठा उंचावला.

तिने सहज 'ब्रेक'वर बोट ठेवलं.

"रेस दे," मास्तरचा आवाज म्हणाला.

मास्तर खांदे हलवत बिनआवाजाचं हसला.

"हसताय काय? मालकांना भिंतीवर चढवायचंय का?"

त्याने पाटीवर लिहिलं, 'माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे.'

"असू दे. आवाज एक सांगतो आणि पाय दुसरंच करतो, असल्या मास्तरकडे शिकेल कोण?"

तिने पहिल्यापासून ऐकायला घेतलं. अकरा बरोबर निघाले. बाराव्यापासून आवाज नावापेक्षा एका शब्दाने पुढे सरकला होता, चाळिसाव्यापासून दोन शब्दांनी.

"अहो, बारावा शब्द गेला कुठे?"

मास्तरने कपाळाला हात लावला आणि लिहिलं, 'खोकला आला होता. असे शब्द शेवटी परत बोललो. जुने पुसले.'

"कोणते कोणते?"

त्याने मान हलवली. आठवत नव्हतं.

नव्याने बोललेल्या फाइलींची वेळही नवी असणार. तिने यादीचं शेपूट पाहिलं. शेवटच्या एकोणीस फाइली एकाच तारखेच्या होत्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवसाच्या. तिने त्या ऐकून नावं दिली आणि तेवढे शब्द वहीतून खोडले. उरले दोनशे त्र्याण्णव शब्द आणि तितक्याच फाइली. त्या आपापल्या जागी बसल्या.

"आता बास," असं मास्तरने हातानेच सांगितलं. ती बास करणारी नव्हती. तिने शनिवार-रविवार बसून तीनशे बाराही फाइली ऐकल्या. मास्तर आधी दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. स्वतःचा आवाज त्याला ऐकवत नव्हता. मग कधीतरी येऊन त्याने वही मांडीवर घेतली आणि प्रत्येक शब्दापुढे खूण करू लागला.

सोमवारी मालक स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, ती मागच्या सीटवर. मोकळ्या रस्त्यावर मालकांनी मुद्दाम वेग वाढवला. मास्तरचं बोट हललं.

"ब्रेक."

गाडी थांबली.

"आरशात बघ. इंडिकेटर दे. डावीकडे वळ."

"मास्तर, मला अहो-जाहो करणारी एकही फाइल नाही का हो तुमच्याकडे?"

मास्तरने दुसरं नाव शोधलं.

"समोर बघ, बोलू नकोस."

मालक मोठ्याने हसले. स्कूलच्या फाटकाशी त्यांनी गाडी उभी केली आणि दार उघडलं. "मी उतरतो. वहिनी, तुम्हीही उतरा. दहाची विद्यार्थिनी केव्हाची ताटकळतेय."