सावकाश निवणारी भट्टी

मित्रांनो, चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, धातूंच्या प्रयोगशाळेत, खिडकीखाली जाड विटांची विजेची भट्टी आहे ना, ती मी. चोवीस वर्षे मला खुशालभाऊंनी सांभाळले. ते तिथले मदतनीस. माझे दार सैल झाले की तेच बसवत, तार जळाली की तेच बदलत.

मग धातूची भुकटी लेसरने वितळवून, थरावर थर चढवत वस्तू घडवणारे नवे यंत्र आले. पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढू लागले. मी हळू तापते आणि त्याहून हळू निवते, म्हणून माझे नाव भंगाराच्या यादीत गेले.

त्या यंत्रावर डॉ. नूतन खोब्रागडे संशोधन करत होत्या. भामरागडकडच्या एका गावात जुना हातपंप बंद पडला होता. दांडा जिच्यावर वरखाली होतो ती जाड पोलादी पिन आता बाजारात मिळत नव्हती. नूतनबाईंनी ती यंत्रावर घडवली, स्वतः नेऊन बसवली आणि टिकेल असा शब्द दिला.

अकराव्या दिवशी पिन तुटली. पंपाची देखभाल करणाऱ्या बुधरीबाई दोन बस बदलून तुकडे घेऊन आल्या. त्या रागावल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात नदीचे पाणी पिऊन नात महिनाभर आजारी होती, एवढे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, “बाई, पावसानं रस्ता बंद व्हायले एकच महिना हाय. तवर दुसरी होईल का?”

चूक आपलीच, असे नूतनबाईंनी त्यांच्यासमोर कबूल केले. सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्यात केसाएवढ्या भेगा दिसल्या. क्षणात वितळलेला धातू क्षणात थिजतो आणि त्याचा ताण आतच कोंडून राहतो. पिन पुन्हा तापवून सावकाश निववायला हवी होती. पण किती सावकाश, ते कुणालाच ठाऊक नव्हते. माझ्यात सहा पिना तापवल्या, बाहेर काढून निववल्या. सहाही चाचणीत तुटल्या.

सातव्या वेळी खुशालभाऊंना राहवले नाही. “मॅडम, भट्टी बंद करा, पण दार खोलू नका. इच्या विटा दोन दिवस ऊब धरून ठेवतात.”

“आधी काऊन नाई सांगितलं, भाऊ?”

“मले कोनं विचारलंच नाई.”

दोन दिवस ती पिन माझ्या पोटात राहिली. कुणी दाराला हात लावला नाही. मित्रांनो, इतक्या जपून मी कधी काही सांभाळले नव्हते. चाचणीत ती पिन तुटली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पंपावर बसली आणि चौथ्या दिवशी रस्ता पाण्याखाली गेला.

पुढे कित्येक आठवडे गावात फोन लागेना. नूतनबाई रोज एकदा लावून बघत. अखेर बुधरीबाईंचाच फोन आला. पंप एक दिवसही थांबला नव्हता. नूतनबाई खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या.

माझे नाव यादीतून खोडले गेले. नूतनबाईंच्या शोधनिबंधावर खुशालभाऊंचेही नाव छापून आले. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होतील. तोवर रोज तासभर ते माझ्याजवळ उभे राहून शिकवतात आणि विद्यार्थी लिहून घेतात.

मित्रांनो, जुने यंत्र कधीतरी बाहेर काढावेच लागते. माझीही पाळी येईल. फक्त त्याआधी, ज्याचे हात त्यावर झिजले त्या माणसाजवळ थोडा वेळ बसा.