टेबलावरचा खड्डा

पावणे गावातल्या फर्निचरच्या कारखान्यात धनाजी सुताराला सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन, शिकवायचं काम पायलकडे आलं. "तीस वर्षं रंधा मारलाय, आता पोरीकडून शिकू?" म्हणत त्याने तिचं ऐकलंच नाही. मशीन एकाच जागी दाबून धरलं आणि सागवानी टेबलाला खड्डा पडला. मालकांनी विचारलं तेव्हा तो खाली वाकून भुसा झाडू लागला. "शिकवायला मी होते, चूक माझी," म्हणत पायलने बोलणी खाल्ली.

दुपारी धनाजी जेवायला बसला. डबा तसाच ठेवून तो मालकांकडे गेला. "खड्डा मी पाडला. तिनं नीट सांगितलं होतं." परत येऊन तो पायलला म्हणाला, "शिकवशील?"

"दाबू नका, काका. नुसतं फिरवत राहा."

तो फिरवत राहिला, पण त्याला मान वर करून तिच्याकडे बघवेना.