रिकामी परत आलेली डेगची

मित्रांनो, कवडूला रीत नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण माझ्या पोटात फार वेळ काही ठेवलं की ते कळकतं.

मी एक जुनी पितळी डेगची आहे. बुद्धपौर्णिमेची खीर शिजवायला कवडूनं मला शेजारच्या कनकम्माकडून मागून नेलं. दिवसभर चुलीवर तापवलं. भिलाईच्या कॅम्प-एक वस्तीतली त्याची माणसं खीर खाऊन तृप्त झाली, आणि माझ्या मालकिणीला या पोरानं साधं 'ये' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मला घासून-पुसून तिच्या दारात आणून ठेवलं. रिकामी! चिमूटभर साखरही घातली नाही.

मला इतकं का लागलं, ते कळायला माझं माहेर ऐका.

माझा जन्म सिलोनचा. कोलंबोच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं आणि कनकम्माच्या सासूनं मला घरी आणलं. त्या गल्लीचं काय सांगू! कनकम्माचं घर तमिळ, शेजारची सोमावती सिंहली, कोपऱ्यावर मुसलमान व्यापारी, आणि समोर जुन्या डच वंशाची एक म्हातारी, नाताळात केक भाजणारी. देव वेगळे, भाषा वेगळ्या, भांडी मात्र साऱ्या गल्लीची. पोंगलचा गोड भात घेऊन मी सोमावतीकडे जायची आणि येताना तिच्या नारळाच्या वड्या आणायची. रमजानची पेज आणायची, केक आणायचा. रिकामी कधी आलेच नाही. वेसाकला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेलाच, तिथे रस्त्यावर मांडव पडायचे. येईल त्या वाटसरूला बसवून जेवू घालायचे, 'तू कोण' असं विचारायचं नाही. त्या मांडवात मी भाताचे ढीग रांधले आहेत. असं देखणं बेट दुसरं नाही. मी बेटं किती पाहिली, ते मात्र विचारू नका.

मग राज्य चालवणाऱ्यांनी कायदा केला की सरकारची भाषा एकच, सिंहली. कायदा कागदावर झाला, पण उतरला आमच्या गल्लीत. आधी मी एका घरून रिकामी आले. मग दुसऱ्या घरून. मग दुकानांच्या तमिळ पाट्यांवर डांबर फासलं गेलं, आणि सन अठ्ठावन्नमध्ये तमिळांची घरं पेटली. सोमावतीनं कनकम्माला लेकरांसकट आपल्या कोठीत लपवलं आणि दारात उभं राहून स्वतःच्याच लोकांना अशा शिव्या हासडल्या की ते मागे फिरले. बाई असावी तर अशी! निरोप देताना तिनं मला तांदळानं भरलं आणि वर एक नारळ ठेवला.

कनकम्माचा नवरा फिटर. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तिथे त्याला काम मिळालं. इथे उतरले आणि बघतच राहिले. तेलुगू, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी, वर रशियन साहेब! म्हटलं, हे तर बिनपाण्याचं बेट. शेजार मिळाला कमलाबाईचा. भंडाऱ्याकडची, नागपूरला दीक्षा घेतलेली, ताठ मानेची बाई. कवडू तिचाच मुलगा, कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान ओढणारा मजूर.

म्हणून मी रिकामी आले तेव्हा माझं पितळ गार पडलं. कनकम्मानं मला दाराशी पालथं घातलं आणि समोरच्या नळावर गेली.

"काय वं कनकम्मा," कमलाबाई म्हणाली, "तोंड कावून फुगवून राहिली?"

"मेरा बर्तन खाली आया, कमलाबाई. उधर लंका में भी पहले बर्तन खाली आया था. बाद में हम खाली हाथ आए."

कमलाबाईनं बादली तिथेच सोडली. ड्यूटीला निघालेल्या कवडूला दंडाला धरून कनकम्माच्या दारात आणलं.

"बोल आता."

कवडू हळूच म्हणाला, "माय, गावात आपला हात लागलेलं भांडं लोकं आगीतून काढून मंग घरात घेत. तू इसरली काय? मले वाटलं, हिले बोलावलं तं येणार नाही. अन् खीर देली, अन् तिनं नालीत ओतली असती तं? मले पाहवलं नसतं. म्हणून राखेनं घासघास घासली. तिले विटाळ नको वाटाले."

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ओरखडे मी उद्धटपणाचे समजत होते. ते भीतीचे निघाले.

कनकम्माचे डोळे भरले. "पगले," ती म्हणाली, "मैं तो गजरा लगाके बैठी थी. शाम तक."

मित्रांनो, शेजारचं भांडं रिकामं परत करू नका, एवढं या म्हाताऱ्या डेगचीचं ऐका. बाकी जे सांगायचं ते कमलाबाईनंच सांगितलं. तिनं मला उचलून सरळ केलं, माझ्यावर थाप मारली. मी टण्णकन वाजले, आणि ती कवडूला म्हणाली:

"आयक. गावानं तुले दूर ठेवलं, ते पाप गावाचं. पण हे बाई गजरा घालून वाट पाहून राहिली होती, अन् तिच्या वाट्याचं 'नाही' तूच बोलून मोकळा झाला! ते गाव सोडून आलो ना आपण? मंग डोक्यावर घेऊन कावून फिरतं? जाय, दूध आण. आज खीर पुन्हा होते, ह्याच डेगचीत. पहिली वाटी घेऊन तू हिच्या दारात उभा राहाय. हो म्हणाचं का नाही, ते तिले म्हणू दे. तिचं तोंड तिले हाये."