अठ्ठावीस दात्यांचे चक्र

मित्रांनो, मी एक जुनी गिअरची सायकल आहे. माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे आणि खाऱ्या हवेने माझ्या नळ्यांना गंज धरला आहे. गिअर मात्र अजून बदलतात. तुमच्यापैकी कोणी ना कोणी लवकरच स्वतःची सायकल घेईल आणि गिअर कोणते बसवू म्हणून दुकानात विचारेल. त्याआधी माझी हकीगत ऐका. ती गोड नाही. तिच्यात रक्त फार सांडले आहे.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जयवंत परब तिथे लेथवर काम करायचा. त्याचे वडील गिरणीत होते. संप लांबला तसे ते कंटाळून मालवणकडे गावी निघून गेले आणि जयवंत व त्याची मोठी बहीण विमला घाटकोपरला, भटवाडीच्या डोंगरावरच्या खोलीत राहू लागले. विमला एका इस्पितळात आया होती. जयवंतला सायकल शर्यतींचे वेड होते. त्याने भंगारातून माझा सांगाडा आणला, वाकलेली नळी तापवून सरळ केली, चाकांना नवे स्पोक भरले आणि मला निळा रंग दिला. पहिल्यांदा माझ्यावर बसला तेव्हा तो एकटाच हसत होता. इतक्या मायेने मला नंतर फार कमी जणांनी हात लावला.

मग गिअर निवडायची वेळ आली. मागच्या चाकाला लहानमोठी दातेरी चक्रे एकाशेजारी एक बसवलेली असतात. चेन लहान चक्रावर असली की पॅडल जड जाते, पण एका फेऱ्यात सायकल लांब पळते. मोठ्या चक्रावर आली की पॅडल हलके होते. वेग कमी होतो, पण चढ चढता येतो. जयवंतपुढे दोन संच होते. एकातले सर्वांत मोठे चक्र एकोणीस दात्यांचे होते, दुसऱ्यातले अठ्ठावीस. नाक्यावरची पोरे अठ्ठावीसला म्हातारीचा गिअर म्हणायची. विमला रोज पाण्याचा हंडा घेऊन डोंगर चढायची. दोन्ही चक्रे हातात धरून ती म्हणाली, “तुका सांगतंय जयवंता, चढार पाऊल बारीकच टाकूचा.”

“ताई, ही शर्यत आहे. हंडा नाही,” जयवंत म्हणाला, आणि त्याने एकोणिसाचा संच बसवला.

तेव्हा उपनगरातल्या एका व्यायामशाळेने बोरीवलीच्या जंगलाच्या डोंगराभोवतीची मोठी शर्यत ठेवली होती. बोरीवलीहून निघायचे, घोडबंदरला वळसा घालून ठाणे, मुलुंड, पवई, आणि आरेतून परत बोरीवली. सपाट रस्त्यावर आम्ही वाऱ्यासारखे पळालो. काजूपाड्याच्या पुढे कोणी आमच्या जवळही नव्हते. पण गायमुखचा घाट सुरू झाला आणि जयवंतचे पाय अडकले. तो सीटवरून उठून उभा राहिला, सगळे वजन टाकून पॅडल दाबू लागला. माझी चेन करकरत होती. त्याच्या गुडघ्यातून येणारी कळ मला पॅडलमधून कळत होती. हलका गिअर माझ्याकडे नव्हताच, मी त्याला काय देणार?

मागून एक लाल सायकल आली. तिच्यावर वेसाव्याचा अनंता होता, मासेमारी करणाऱ्या कोळ्याचा मुलगा. त्याचे पाय भराभरा, पण अगदी सहज फिरत होते. त्याच्या मागच्या चाकावर अठ्ठावीस दात्यांचे चक्र होते. शेजारून जाताना त्याने वळून पाहिले आणि म्हणाला, “ढकलत आन रं. लाज नाय त्यात.”

त्याने ते कुचेष्टेने म्हटले की सहज, मला आजही सांगता येणार नाही. जयवंतला मात्र ते चाबकासारखे लागले. माथा ओलांडून उतार लागला तेव्हा आमचे जड गिअर कामी आले. आम्ही अनंताला गाठले. वाट मोकळी होती. तरीही जयवंतने माझे हँडल डावीकडे झुकवले आणि माझे पुढचे चाक लाल सायकलच्या मागच्या चाकाला घासले. एवढ्या वेगात तेवढे पुरते. लाल सायकल आडवी झाली, अनंता खडीवर आपटला आणि घसरत दगडी कठड्यावर जाऊन आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. जयवंत थांबला नाही. बोरीवलीला त्याच्या गळ्यात हार पडला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. मी झाडाला टेकून उभी होते. माझ्या टायरला लाल रंग लागला होता. रंगाबरोबर थोडे रक्तही असेल.

अनंताचे खांद्याजवळचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. ते वेडेवाकडे जुळले आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. ज्याचा हात वर जात नाही त्याने समुद्रातून जाळे कसे ओढायचे?

त्याचे भाऊबंद साकीनाक्याला आले ते भर दुपारी. जयवंत जेवणाचा डबा उघडत होता. त्यांनी त्याला कॉलर धरून शेडबाहेर ओढले. कोण काय म्हणाले ते मशीनच्या आवाजात ऐकू आले नाही. दोघांनी त्याचे हात धरले आणि तिसऱ्याने लोखंडी सळई त्याच्या उजव्या गुडघ्यावर मारली. पुन्हा मारली. जयवंत ओरडत माझ्या अंगावर कोसळला, तेव्हा त्यांनी माझ्या पुढच्या चाकावर उड्या मारून ते दुमडून टाकले. आजूबाजूच्या शेडमधली माणसे दारात उभी होती. पुढे कोणी आले नाही.

विमला ज्या इस्पितळात लादी पुसायची, तिथेच जयवंत पडून राहिला. प्लास्टर निघाले तरी गुडघा पुरता वाकेना. तो कामावर यायचा, लेथपुढे स्टुलावर बसायचा, पण कोणाशी बोलायचा नाही. त्याने माझे चाक सरळ केले आणि नवी चेन बसवली. मला वाटले, आता आपण पुन्हा रस्त्यावर जाऊ. त्याने जुनी चेन मात्र फेकली नाही. तिच्या एका टोकाला त्याने घट्ट चिंध्या गुंडाळल्या आणि मूठ तयार केली. ती पाहून मी समजले. विमलाने तीनदा ती चेन लपवली, आणि तीनही वेळा त्याने ती शोधून काढली.

एका सकाळी ती चेन हँडलला गुंडाळून तो माझ्यावर बसला. उजवा पाय लोंबत होता, डाव्या पायाला पॅडलचा पट्टा आवळला होता. एका पायाने तो मला अंधेरीच्या पुलापर्यंत घेऊन गेला. पुलाचा चढ काही मोठा नाही. पण एकोणीस दात्यांवर, एका पायाने, तो अर्ध्यात कोलमडला. मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या. जयवंत उठला आणि मला ढकलत, लंगडत पूल चढला. तिथूनच तो परत फिरेल, अशी मला आशा होती.

वेसाव्याला वाळवणाच्या काठ्यांवर बोंबील लटकत होते. त्यांच्या आडोशाला अनंता डाव्या हाताने जाळे शिवत बसला होता. जयवंतने मला वाळूत टाकले आणि चेन फिरवली. पहिला फटका अनंताच्या तोंडावर बसला. भुवईपासून हनुवटीपर्यंत कातडी फाटली. अनंताने उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. दुसरा फटका त्याच मोडलेल्या खांद्यावर बसला. माझ्या अंगावर फिरलेली, मला घाटातून नेणारी ती चेन होती, मित्रांनो.

तेवढ्यात अनंताची आई सोनूबाई धावत आली. तिच्या हातात मासे कापायचा कोयता होता. तिने तो जयवंतच्या हातावर घातला आणि चेन गळून पडली. वाळूत दोघांचे रक्त एकत्र झाले. आता सगळा कोळीवाडा गोळा झाला होता. काठ्या आल्या, वल्ही आली. जयवंतला गुडघ्यावर बसताही येईना म्हणून तो पाय लांब करून नुसता पडला होता आणि वाट पाहत होता.

सोनूबाई त्याच्या अंगावर पाय फाकून उभी राहिली. कोयता अजून तिच्या हातात होता.

“याला कुनी हात लावायचा नाय,” ती म्हणाली. “आज याला माराल, उद्या याच्या घरचा येल. मग परवा मी कुनाला मातीत घालू? तुज्या पोराला, का तुज्या?” असे म्हणत तिने एकेकाकडे कोयत्याचे टोक केले.

कोणी पुढे सरले नाही. तिने जयवंतच्या हाताला आपल्या डोक्यावरचा रुमाल बांधला आणि त्याला एका टेम्पोत घालून दिले. सायकल इथेच राहील, असे तिने बजावले. मी वेसाव्याला राहिले. ती रक्ताची चेन तिने त्याच दिवशी होडीतून भरसमुद्रात नेऊन टाकली.

अनंता महिनाभर माझ्याकडे बघायचाही नाही. त्याच्या तोंडावरची जखम भरली, व्रण राहिला. होडीवर तो जाऊ शकत नव्हता. मग एक दिवस सोनूबाईने माझ्या मागे मोठी पाटी बांधली आणि अंधेरीच्या बाजारात मासे पोहोचवायला त्याला सांगितले. तो दातओठ खात माझ्यावर बसला. पुलाच्या चढावर पाटीच्या वजनाने माझे पुढचे चाकच उचलले गेले आणि मासे रस्त्यावर सांडले. घरी येऊन त्याने आपल्या मोडक्या लाल सायकलचे मागचे चाक काढले, त्यातला अठ्ठावीस दात्यांचा संच सोडवला आणि माझ्या चाकावर चढवला. पाटीही थोडी पुढे सरकवून बांधली. दुसऱ्या दिवशी तोच पूल आम्ही पाटीसकट, न उतरता चढलो. माथ्यावर अनंता मोठ्याने काहीतरी बोलला. वाऱ्यात शब्द ऐकू आले नाहीत, पण तो आवाज रागाचा नव्हता.

अशी तीन वर्षे गेली. मीठ, बर्फाचे पाणी, माशांचे खवले, सगळे मी अंगावर घेतले. मला कोणी पुसले नाही. रंग उडाला तो तेव्हाच.

एका दुपारी विमला आली. तिला पाहून बायका कुजबुजल्या. ती सोनूबाईपुढे बसली आणि तिने सरळ सांगितले, की जयवंत आता घराबाहेर पडत नाही. डॉक्टर म्हणतात गुडघा फिरवत राहा, हलका हलका फिरवा, नाहीतर तो कायमचा काठीसारखा ताठ होईल. तो ऐकत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. सायकल दारात दिसली तर कदाचित उठेल. सोनूबाई बराच वेळ मासे साफ करत राहिली. शेवटी म्हणाली, “सायकल अनंताची हाय. त्याला इचार.”

अनंताने विमलाला होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पण पुढच्या रविवारी त्याने माझ्या मागची पाटी सोडली, चेनला तेल घातले आणि माझ्यावर बसून थेट घाटकोपर गाठले. भटवाडीचा चढ घाटापेक्षा उभा आहे. तो पूर्ण चढ त्याने अठ्ठावीसवर काढला.

जयवंत दारातच बसला होता. व्रण असलेला चेहरा समोर दिसताच त्याचा हात शेजारच्या लोखंडी पान्याकडे गेला. विमला दोघांच्या मध्ये आली, तेव्हा अनंताने तिला हाताने बाजूला केले. त्याने मला भिंतीला टेकवले आणि तो दोन पावले मागे सरला.

“गिअर बदललाय,” तो म्हणाला. “गुडघ्याला लागनार नाय.”

जयवंत पाना धरून तसाच बसला होता. खूप वेळाने त्याने तो खाली ठेवला.

“घाटात मी तुला मुद्दाम पाडलं,” तो म्हणाला.

“म्हाईत हाय.”

“मग ही का आणलीस?”

“मला चेन दिसते रं अजून,” अनंता म्हणाला. “झोपेत. तुला नाय दिसत?”

जयवंतने मान खाली घातली. मग तो भिंतीला धरून उठला. अनंताने माझी सीट धरली आणि जयवंतने कष्टाने पाय टाकला. उजवा गुडघा अर्धाच वाकला, पण पॅडल फिरले. पुन्हा फिरले. तो विव्हळला, थांबला नाही. आम्ही त्या गल्लीचा चढ माणूस चालतो त्याहूनही हळू चढलो. अनंता शेवटपर्यंत सीट धरून चालत होता. वर पोहोचल्यावर त्याने सीट सोडली आणि बसस्टॉपकडे निघून गेला. ते दोघे पुढे मित्र झाले, असे मी खोटे सांगणार नाही. पण त्यानंतर कोणी कोणाला मारायला आले नाही.

मित्रांनो, सायकल घ्याल तेव्हा नाक्यावरच्या पोरांना विचारू नका. तुमच्या वाटेत चढ केवढे आहेत आणि तुमच्या पायांत बळ किती आहे, एवढे दोनच प्रश्न स्वतःला विचारा आणि तसे गिअर लावा. हलका गिअर लावल्याबद्दल कोणी हसले, तर हसू द्या. आम्हाला अधूनमधून तेल द्या, पावसाळ्यानंतर पुसून घ्या. आणि उतारावर कोणी तुमच्या पुढे असेल, तर ब्रेकवर बोट ठेवा. त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असते.