आतल्या बाजूची जागा

थोरलीने जेवणाचा बाक करायला घेतला तेव्हा सगळ्यांना सांगितलं, सामानाला जागा हवी म्हणून. झाकण उचललं की आत चादरी, पांघरुणं, पाहुण्यांच्या उशा, सगळं मावेल. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं कारण स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर, आता निघायचंच आहे अशा बेताने बसलेलं असायचं. ते कारण म्हणजे तिची आई.

आई जेवता जेवता उठायची. घास अर्धा तोंडात, आणि बाई निघाल्या. "मला जायचंय," म्हणायची. कुठे, तर घरी. आई, हेच तुझं घर, असं कितीही समजावलं तरी ती पाहुणीसारखं हसून दाराची कडी चाचपायची. घरी म्हणे तिची मुलगी एकटी होती. ती मुलगी म्हणजे थोरलीच, पण फ्रॉकमधली. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या थोरलीला आई "बाई" म्हणायची, अहोजाहो करायची. जिच्या तोंडून एक शाबासकी ऐकायला थोरलीने लहानपणी जिवाचं रान केलं, ती आता पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा आभार मानत होती. परक्या बाईचे मानावेत तसे.

दोनदा आई खरोखरच निघून गेली होती. पहिल्यांदा औषधांच्या दुकानदाराने हाताला धरून आणून सोडलं. दुसऱ्यांदा ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडली, एका पायात चप्पल, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या भोंगे वाजवतायत. ते धाकट्याच्या कानावर गेलं. धाकटा म्हणजे भाऊ. तो लांब राहायचा, आणि लांबून माणसाला सगळं कसं स्वच्छ दिसतं. त्याने एक वृद्धाश्रम बघूनही ठेवला होता. फोनवर म्हणाला, ताई, आता पुन्हा बाहेर गेली तर मी जागा पक्की करून टाकीन, मग माझ्यापुढे रडायचं नाही. थोरली म्हणाली, जाणारच नाही ती. कशी जाणार नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

बाक त्यातूनच सुचला. मागे भिंत, एका अंगाला फ्रिज, समोर जड टेबल. आई आतल्या बाजूला, थोरली बाहेरच्या टोकाला. आईला उठायचं तर आधी थोरलीने उठायला हवं. याला कोंडणं म्हणत नाहीत, शेजारी बसणं म्हणतात, असं तिने स्वतःला बजावलं.

नवऱ्याच्या हातातला खिळा भिंतीत कमी आणि बोटात जास्त शिरायचा, तेव्हा त्याला या कामातून सन्मानाने वगळण्यात आलं. थोरलीने फोनवर व्हिडिओ बघितले, ड्रिल शेजाऱ्यांकडून मागून आणलं आणि मापांचा कागद घेऊन प्लायवूडच्या दुकानात गेली. तिथला माणूस मशीनवर फळ्या कापून द्यायचा. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. बाजूच्या फळ्या पुढे उंच आणि मागे चांगल्याच उतरत्या होत्या.

"बसायला थोडा उतार बरा असतो, ताई. पण एवढा? वयस्कर माणूस असेल तर उठायला जड जाईल."

"उठवायला मी आहे ना," थोरली म्हणाली.

त्याने खांदे उडवले आणि मशीन चालू केलं. त्या आवाजात पुढचं काही बोलावं लागलं नाही, हे बरं झालं.

आणि मग गंमत अशी झाली की बाक होत होता तोवर बाकाची गरजच पडली नाही. आई वाटीत स्क्रू घेऊन जमिनीवर फतकल मारून बसायची आणि एकेक पुढे करायची. "घ्या, बाई." पॉलिश पेपर दिला तर फळीची एकच कड तासन्‌तास घासत राहायची, वरून फुंकर मारायची, गालाला लावून बघायची. त्या दिवसांत ती दाराकडे फिरकली नाही. एकदा तर थोरलीची बिजागरी वाकडी बसली तेव्हा, "असू द्या हो, पहिल्या खेपेला कोणाचं सरळ येतं," असंही म्हणाली. थोरलीला वाटलं, हा बाक असाच अर्धवट राहावा. रोज एक स्क्रू लावावा आणि संध्याकाळी काढून ठेवावा. पण स्वयंपाकघरात पाय टाकायला जागा उरली नव्हती. शेवटी झाकण बसलं. पॉलिशच्या वासाने आईला खोकला येईल म्हणून लाकूड तसंच कोरं ठेवलं. नवरा चहूबाजूंनी बघून म्हणाला, झकास, फक्त वर 'रांगेत बसा' अशी पाटी लाव. थोरली पुष्कळ दिवसांनी हसली. आत चादरी रचल्या. चादरींखाली आईच्या चपला.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला आणि दुपारी दोघी जेवायला बसल्या. अर्धं जेवण झालं असेल.

"मला जायचंय," आई म्हणाली.

"जाऊ हं. जेवण झालं की."

आई थांबली. दोन घास खाल्ले. मग थोरलीच्या दंडाला हळूच हात लावून म्हणाली, "बाई, मला जायचंय हो."

"मुलगी काही एकटी नाही तुमची. शेजारणीकडे खेळतेय," थोरली म्हणाली. हे तिचं ठरलेलं उत्तर होतं, एरवी लागू पडायचं.

आईने टेबलावर दोन्ही तळवे रोवले आणि जोर केला. जरा वर आली, की उताराने पुन्हा मागे घसरली. आणखी एकदा केलं. मग हात मांडीवर घेतले आणि गप्प बसली. थोरलीने हे सगळं डोळ्यांच्या कडेने पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. जमलं, असं वाटलं. ती भाजी वाढून घ्यायला लागली.

थोड्या वेळाने दिसलं की आई हातरुमाल उलगडून स्वतःच्या मांडीखाली सारतेय. वर न बघता, अगदी व्यवस्थित, चारही कोपरे सरळ करत.

"बाई, एखादं फडकं मिळेल का? तुमचं नवं सामान माझ्याकडून खराब झालं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या मुलीला कळू देऊ नका. तिला मी यावरून फटके दिलेत."

थोरली उठली. आईला दोन्ही काखांत धरून ओढून उभी करावी लागली, कारण उतार खरंच फार होता. न्हाणीघरात तिने आईला कोमट पाण्याने धुतलं. आई भिंतीकडे बघत राहिली. गाऊन बदलताना तिने एकदाच म्हटलं की सांगितलं होतं मी, दोनदा सांगितलं. तक्रार नव्हती. नुसती माहिती होती.

बाकाचं झाकण उघडलं तर लघवी उताराने मागे जाऊन बिजागऱ्यांच्या फटीतून आत उतरली होती. कोऱ्या लाकडाने पोटभर पिऊन घेतलं होतं. चादरी खालपर्यंत भिजल्या होत्या. थोरलीने त्या बाहेर काढल्या, धुतल्या, बादली गॅलरीत नेऊन ठेवली. मग ओल्याच हाताने धाकट्याला फोन लावला आणि म्हणाली, ती जागा बघितली होतीस ना, ती पक्की कर.

धाकटा भांडणाची तयारी करून बसला होता, आणि त्याच्याशी कोणी भांडलंच नाही.

"परत बाहेर गेली का?"

"नाही," थोरली म्हणाली. "बसून राहिली."

धाकटा आणखी काही विचारत होता. थोरलीला ऐकू येत होतं, पण तिचं लक्ष गॅलरीकडे गेलं. गॅलरीत आईने बादलीतली चादर काढली होती. एक टोक मुठीत घट्ट धरून, पिळायला दुसरं टोक धरणारं कोणी येईल या हिशोबाने, ती उभी होती. थोरलीने फोन ओट्यावर ठेवला, जाऊन दुसरं टोक धरलं आणि आईच्या उलट्या दिशेने पीळ द्यायला लागली.