तेजोमॅनचं गाऱ्हाणं

‘तेजोमॅन’ नावाचा जो सिनेमा गेल्या दिवाळीत आला आणि ज्याने म्हणे देशभर धुमाकूळ घातला, त्यातला तो परग्रह म्हणजे रत्नागिरीकडच्या पावस गावाच्या अलीकडचा सडा आहे. सिनेमात त्या ग्रहाला झोरान की झारोन असं काहीतरी म्हणतात. गावात त्याला वरचा सडा म्हणतात आणि तिथे गुरं चरतात. मैलभर पसरलेला जांभ्या दगडाचा तो काळा कातळ पाहून दिग्दर्शकाला म्हणे भरून आलं. एवढं भरून आलं, की त्याने मुंबईहून ट्रक भरभरून थर्माकोलचे दगड मागवले. कातळावर ठेवायला! आत्माराम मांडवकर तेव्हा सड्याच्या कडेला उभा होता. शहाणीसुरती माणसं दगडावर दगड मांडताहेत हे पाहून त्याला सिनेमा या धंद्याबद्दल जी काही थोडी शंका होती, ती कायमची फिटली.

आत्माराम हा गावचा मानकरी. गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे, आजोबांच्याही आधीपासून. लग्न असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, की कुणाची म्हैस चुकलेली असो, नारळ ठेवून देवापुढे उभं राहायचं, सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला मागच्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आत्मारामचा आवाज असा की खालच्या खाडीतला होडीवालाही हात जोडायचा. स्वभाव मात्र आंबट. गावात त्याने बरं म्हटलं अशी वस्तू शोधून सापडायची नाही. देवाचीच तेवढी तो भीड बाळगून होता.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी यांची क्रेन कातळाच्या भेगेत रुतली आणि दुपारी एक भलामोठा दिवा कोसळला. मग कुणीतरी सांगितलं, गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथे काम पुढे सरकायचं नाही. आत्मारामला बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, नारळ घेऊन हजर. मागे वाडीतली चाळीसेक माणसं. आणि हिरो? हिरो गाडीत. त्याचा मेकअप चालला होता. मंडळी उन्हात उभी राहून राहून करपली, तेव्हा साहेब उतरले. अंगात तो निळा चकचकीत पोशाख, पाठीवर झूल. आल्याआल्या त्याने घड्याळ बघितलं. कानात वायरीचा बोळा घातलेली एक पोरगी आत्मारामचं कोपर धरून त्याला बाजूला सारत म्हणाली, “अंकल, थोडं इकडे व्हा, सर झाकले जातायत. आणि छोटंवालं घाला हां.”

छोटंवालं! आत्मारामच्या कानशिलाची शीर ताडकन उडाली. त्याने नारळ कातळावर ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, बारा वाडीच्या राखनदारा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही पाव्हनी मंडली तुज्या सड्यावर खेल मांडाया आलीत...”

“व्हय म्हाराजा!”

“त्येंचो ह्यो पिच्चर असा आपटव, असा आपटव, की परत हिकडं तोंड दाखवाया नकोत!”

क्षणभर मागे नुसता वारा. गंगाराम, आत्मारामचा चुलतभाऊ, त्याने तोंडात मुंडाशाचं टोक कोंबलं. पण सवय ती सवय. चाळीस गळ्यांनी आभाळ दणाणून सोडलं, “व्हय म्हाराजा!” मुंबईहून आलेल्या प्रॉडक्शनवाल्याला त्या बोलीतलं अक्षर कळलं नाही. त्याचे डोळे मात्र पाण्याने भरले. त्याने वाकून आत्मारामच्या पायांना हात लावला आणि ‘तेजोमॅन’ लिहिलेली एक टोपी भेट दिली. ती आत्मारामने वांग्याच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला घातली. कावळ्यांना तिची फारशी भीती वाटली नाही.

आणि मग दिवाळीत सिनेमा आला तो आपटायचं नावच घेईना. रत्नागिरीच्या थिएटरात पहाटेपासून खेळ लागले. पोरं झुली बांधून दगडी गडग्यांवरून उड्या मारू लागली, त्यातल्या दोघांचे हात मोडले. टीव्हीवर रोज कोटींचे आकडे वाढत होते, आणि जसजसे ते वाढत, तसतसा गाव आत्मारामकडे बघून दात काढत होता. देवाने मानकऱ्याचं ऐकलं नाही, एवढंच असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. देवाने नेमकं उलटं केलं होतं.

“तात्या, पोरगा बारावीला बसलाय,” गोदाकाकू आत्मारामला पाहून बांधावरून ओरडली. “जरा नापास हुंदे म्हनून गाऱ्हानं घाल की!”

दुसऱ्या कुणाला आंब्यावर तुडतुडा पडावा असं वाटू लागलं. एकाला तर सासू शंभर वर्षं जगावी असं गाऱ्हाणं हवं होतं... असो. आत्माराम रस्त्याने जाताना मान वर करीनासा झाला. चेष्टा त्याने कुणाची कमी केली नव्हती, पण स्वतःची झालेली त्याला सोसवेना. त्यातच गंगारामने देवळात विषय काढला. शिमगा तोंडावर आलाय, पालखीपुढे गाऱ्हाणं कुणी घालायचं ते एकदा ठरवूया. त्याचा आवाज किरटा होता, पण उलटा लागत नव्हता. बैठक रविवारी ठरली. चार पिढ्यांचा मान आपल्या हातून जाणार, आणि तोही एका झूलवाल्यापायी, या विचाराने आत्मारामची अन्नावरची वासना उडाली. हे मात्र त्याने घरात कुणाला कळू दिलं नाही. आमटी अळणी झालीय म्हणून तो ताटावरून उठे.

त्याची सून मृणाली रत्नागिरीत एका पतपेढीत नोकरीला होती. शनिवारी संध्याकाळी ती घरी आली ती मोबाइल पुढे धरूनच. “बाबा, हे बघा. तेजोमॅनच्या पडद्यामागच्या पंधरा गोष्टी. आपला सडा पण दाखवलाय.”

“बंद कर ता जल्लं मेलं,” आत्माराम म्हणाला, आणि चष्मा लावून बसला.

मोबाइलमधला मुलगा मुठी आपटत सांगत होता. हिरोने शूटिंगभर मिठाचा कण खाल्ला नाही. “खोटा!” आत्माराम म्हणाला. “गाडीच्या मागं बसून बांगडं खात व्हता. काटं आमच्या मांजरीन खाल्लेनीत.” हिरोने कड्यावरून स्वतः उडी मारली. “बावल्यान मारली! भुसा भरलेल्या! ह्यो छत्रीखाली शाळं पीत व्हता.” ती झूल पोलादी धाग्यांनी विणलेली असून तिचं वजन चाळीस किलो आहे. “चालीस किलो! आपल्या फनसावर जाऊन अडाकली व्हती, वाऱ्यान. मी काठीन काढलीय.” दिग्दर्शक त्या कातळावर एकटा ध्यानाला बसत असे. यावर आत्माराम ‘खोटा!’ एवढंच म्हणाला. दिग्दर्शक रोज सकाळी डबा घेऊन कातळावर कशाला जात असे, ते सुनेसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

अशा चौदा गोष्टी झाल्या आणि चौदांनाही आत्मारामने साक्षीपुराव्यानिशी खोटं पाडलं. मोबाइलवाला पोरगा श्वास न घेता पंधराव्या गोष्टीवर आला.

“आणि झोरानच्या राक्षससेनेची ती अंगावर काटा आणणारी गर्जना? ती आहे कोकणातल्या एका गावाची पारंपरिक प्रार्थना. सड्यावर रेकॉर्ड केलेली, आणि सिनेमात चक्क उलटी वाजवलेली!”

आत्माराम ताडकन उठला. “परत लाव.”

मृणालीने परत लावलं. मग गर्जना लावली. घुर्रर्र, घ्याँव, घुर्रर्र. आत्मारामने कान जवळ नेला, डोळे मिटले. “ह्यो मी,” तो पुटपुटला. “ह्यो माजा आवाज. उलटा हाय, पन माजाच.” चौदा वेळा ज्याला त्याने खोटारडा म्हटलं होतं, त्या पोराच्या जिभेवर पंधराव्या वेळी साक्षात सरस्वती येऊन बसली. त्या रात्री त्याला आमटी अळणी लागली नाही.

रविवारी देवळात त्याने बैठक अशी जिंकली, की वकिलाने टिपून घ्यावं. “मी येकदा मागितला, सरळ. ह्येंनी ता उलटा करून वाजवला, हजार थेटरांत, रोज चार खेल. देवान कुनाचा आयकायचा? माजा येकदा, का त्येंचा हजारदा?”

मग मृणालीने गर्जना लावली आणि मंडळी मोबाइलभोवती गोळा झाली. ज्या गावाने आत्मारामच्या शब्दावर कवडीचा विश्वास ठेवला नव्हता, त्याने त्या घुर्रघुर्रीवर डोळे झाकून ठेवला. प्रत्येकाला त्यात आपापला गळा सापडला. गोदाकाकूचा नवरा म्हणाला, तो शेवटचा ‘घ्याँव’ माझा. खुद्द गंगारामने कबूल केलं, “मधी खोकला हाय ना, ता माजा.” त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. मान आत्मारामकडेच राहिला. शिमग्याला त्याने पालखीपुढे असं गाऱ्हाणं घातलं, की ढोलवाले ढोल विसरले.

शिमगा सरला आणि सिनेमावाले पुन्हा उगवले. भाग दुसरा. थर्माकोलचे दगडही आले, या वेळी जास्त. प्रॉडक्शनवाला मिठाई घेऊन थेट आत्मारामच्या पडवीत. मागच्यासारखाच आशीर्वाद द्या, त्यानेच आमचं सोनं झालं. आत्माराम गोड हसला. तो असा हसलेला सावित्रीने, त्याच्या बायकोने, लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला आणि ती घाबरली.

बेत त्याने वाडीत कानोकानी पोचवला होता. या खेपेला भरभरून मागायचं. हजार कोटी मागायचे, दहा बक्षिसं मागायची. हे सिनेमावाले काय, मागच्यासारखंच उलटं वाजवणार. मग बघू मजा. ठरल्या सकाळी चाळीसच्या जागी शंभर माणसं सड्यावर आली. गंगारामने घसा साफ व्हावा म्हणून आल्याचा तुकडा चघळत आणला होता.

हिरो अजून गाडीतच होता. आवाज टिपणारा संदेश नावाचा दाढीवाला मुंबईकर आत्मारामच्या सदऱ्याला माइक लावू लागला. आत्मारामला राहवेना. त्याने डोळा बारीक करून विचारलं, “काय, यंदा पन उलटाच वाजवनार ना?”

“काय उलटं, काका?”

“आमचा गाऱ्हाना. राक्षसांच्या तोंडी घातलात ता.”

संदेश हसत सुटला. “ते होय! अहो, तुमचं कुठे वापरलं आम्ही? त्या दिवशी वारा इतका होता, सगळं रेकॉर्डिंग फुकट गेलं. पुसूनच टाकलं मी. ती गर्जना म्हणजे उंटाचं ओरडणं आणि माझ्या आईचा मिक्सर. घरी बसून बनवली. बाकी ते पंधरा गोष्टी वगैरे प्रसिद्धीवाल्यांनी सोडलेली पुडी. त्यातली एकही खरी नाही.” मग तो गाडीकडे वळून ओरडला, “सरांना बोलवा, आम्ही रेडी!”

आत्माराम जागच्या जागी उभा राहिला. उंट. मिक्सर. म्हणजे देवाने ऐकलं होतं ते सरळच. त्याचंच, त्याच्याच तोंडून, शब्द न् शब्द. आणि ऐकून बाजूला ठेवलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. इतकी वर्षं त्याने जगातल्या सगळ्यांना मूर्खात काढलं होतं, आणि तो खुशाल उंटाच्या ओरडण्यात स्वतःचा आवाज ओळखत बसला होता. मागे शंभर माणसं ओठ दाबून उभी होती. हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

हिरो आला, घड्याळ बघू लागला. आत्मारामने नारळ ठेवला. हात जोडले, आणि त्याच्या ध्यानात आलं की काय मागायचं तेच त्याला कळत नाहीये. शाप द्यायचं तोंड उरलं नव्हतं, आणि आशीर्वाद द्यायला मन नव्हतं.

“बा देवा म्हाराजा,” तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.

“व्हय म्हाराजा!” शंभर गळे.

“गेल्या खेपेला तुला करायचा ता तू केलास...”

“व्हय म्हाराजा!” गंगारामने कोपराने शेजाऱ्याला ढोसलं. तात्या काय बेरकी!

“ह्या खेपेला पन तुज्या मनात आसंल ता कर...”

“व्हय म्हाराजा!”

“मी तुज्या म्होरं उभा हाय. येवढा तरी तुला आयकू येऊं दे.”

“व्हय म्हाराजा!” हजार कोटी आले नाहीत, पण हेही उलटंच वाजणार या खात्रीने गाव मोठमोठ्याने ओरडला. कुणाला हसू आवरेना, कुणी टाळ्या वाजवल्या. प्रॉडक्शनवाला डोळे पुसत पायांना हात लावायला वाकला.

सड्यावर त्या दिवशी पान हलत नव्हतं. संदेशने कानावरचे हेडफोन काढले आणि लांबूनच अंगठा दाखवला. सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.